रात्री मेंदीच्या कुंपणावर दिसलेला साप फुरसंच असेल का?

तुम्ही लिहिलंय की हातकणंगल्याजवळच्या घरी रात्री दहाच्या सुमारास मेंदीच्या कुंपणावर, छातीएवढ्या उंचीवर, नागमोडी नक्षीचा साप दिसला आणि शेजारी ‘फुरसं, फुरसं’ म्हणत काठी घेऊन आले. फोटो नाही, पण मला तो जहाल विषारी फुरसं नव्हे, मांजऱ्या साप वाटतो.

आमच्या परड्यात मी लहान असताना असाच एक मारला होता. आबांनी काठीनं उलथून बघितला, तर शेपूट संपता संपेना. मग सगळे गप्प. फुरसं आखूड, जाडसर, शेपूट तोकडं. खवले खरखरीत, डिवचलं की वेटोळी एकमेकांवर घासून करवतीसारखा आवाज काढतं. मांजऱ्या तीनेक फूट लांब, अंगानं शिडशिडीत, खवले गुळगुळीत, आणि मान इतकी बारीक की डोकं वरून बसवल्यासारखं दिसतं. बाहुली मांजरासारखी उभी, म्हणून हे नाव. मात्र फुरशाचीही बाहुली उभीच असते, तेव्हा नुसत्या डोळ्यांवर जाऊ नका.

झाडावर मांजऱ्या येतो सरड्यांसाठी. सरडे रात्री फांदीच्या टोकाला चिकटून झोपतात, तिथंच तो गाठतो. दिवसा तेच सरडे हरणटोळ हा दुसरा साप खातो. इचलकरंजीच्या मागांसारखंच, दिवसपाळी एकाची, रातपाळी दुसऱ्याची! पाली, चिमण्यांएवढे पक्षी, लहान उंदीरही मांजऱ्याला चालतात. विषदंत जबड्यात मागे असतात, म्हणून तो निमविषारी. त्या विषानं सरडा ढिला पडतो. माणसाच्या जिवाला सहसा धोका नसतो. उजाडलं की ढोलीत, सालीखाली नाहीतर छपराच्या गवतात मुटकुळं करून पडतो. रामलिंगच्या डोंगरासारखं कोरडं, पानगळीचं रान त्याला मानवतं. मादी अंडी घालते, फुरशाला थेट पिल्लं होतात.

अडवलं तर शेपटीचं टोक थरथरवत पुन्हा पुन्हा झेपावतो, तेव्हा तो फुरशाहून भयानक वाटतो. बाकी शत्रू या सोंगाला बिचकत असतील, पण माणूस बिचकला की आधी काठी शोधतो. तिथंच बिचारा मरतो. साप मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे, हे शेजाऱ्यांना सांगा.

कुणाला चावलाच, तर कुठला होता याचा काथ्याकूट न करता सरळ कोल्हापूरचं सीपीआर हे सरकारी रुग्णालय गाठा. पुन्हा दिसला तर वनखात्याच्या १९२६ ला फोन लावा, आणि लांबूनच बॅटरी मारून एक फोटो काढा, शेपटीसकट.