उबंटूचं अपडेट एनव्हिडियाच्या ड्रायव्हरपाशी अडकलंय, 'अनमेट डिपेन्डन्सीज' येतंय. काय करू?

आधी घाबरू नका, सिस्टम पुन्हा टाकायची अजिबात गरज नाही. 'अनमेट डिपेन्डन्सीज' म्हणजे एखाद्या पॅकेजला लागणारी दुसरी पॅकेजेस जुळत नाहीत. बहुतेक वेळा एनव्हिडियाची काही पॅकेजेस नव्या आवृत्तीची, काही जुन्या आवृत्तीची अशी अर्धवट बसलेली असतात, आणि तो गुंता सुटेपर्यंत एपीटी (उबंटूचं पॅकेजेस बसवणारं साधन) पुढे सरकत नाही.

स्क्रीन काळी असेल तर कंट्रोल + आल्ट + एफ३ दाबून लॉगिन करा. मग 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' आणि त्यानंतर 'सुडो एपीटी --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल' चालवा (कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या). बऱ्याच जणांचं काम इथेच होतं.

'ट्राइंग टू ओव्हरराइट' अशी ओळ दिसली, तर दोन आवृत्त्या एकाच फाइलवर हक्क सांगताहेत. अशा वेळी एकेक पॅकेज दुरुस्त करत बसू नका, सगळा ड्रायव्हरच काढा: 'सुडो एपीटी पर्ज' आणि पुढे एकेरी अवतरणात '*एनव्हिडिया*'. अवतरण विसरू नका. वाय दाबण्याआधी काय काय निघणार आहे ती यादी नीट वाचा, प्लीज! डेस्कटॉपचं पॅकेज त्यात दिसलं तर थांबा.

ड्रायव्हर गेला तरी साधारणपणे नूव्हो हा मुक्त ड्रायव्हर स्क्रीन सांभाळतो. आता 'एपीटी अपडेट', 'एपीटी फुल-अपग्रेड', मग 'उबंटू-ड्रायव्हर्स इन्स्टॉल', सगळं आधी 'सुडो' लावूनच. रीबूट करून 'एनव्हिडिया-एसएमआय' चालवा. ग्राफिक्स कार्डाचं नाव दिसलं की झालं.

डीकेएमएसची (कर्नलसाठी, म्हणजे सिस्टमच्या गाभ्यासाठी, ड्रायव्हर तयार करणारी यंत्रणा) चूक आली तर चालू कर्नलचे हेडर्स (त्यासाठी लागणाऱ्या फाइल्स) आहेत का ते बघा.