विद्यापीठात संशोधन म्हणजे नेमकं काय चालतं? आणि मराठीत कसलं आलंय संशोधन?

तुम्ही लिहिलंय की मुलगी मराठीत एम.ए. झाली, आता पीएच.डी. करायची म्हणतेय. घरची मंडळी म्हणतात, संशोधन प्रयोगशाळेत होतं, मराठी-इतिहासवाले पुस्तकांवरून पुस्तकं लिहितात. तेव्हा एवढे सगळे विभाग मिळून करतात तरी काय, असा तुमचा प्रश्न आहे.

मी पुण्यात विद्यापीठाच्या ग्रंथालयात नोकरी केली. त्यातली बरीच वर्षं माझ्याकडे प्रबंधांचं टेबल होतं. पदवी जाहीर झाली की प्रबंधाची बांधीव प्रत माझ्यासमोर यायची, मी दाखलअंक टाकायचा आणि नोंद करायची. कुठल्या विभागाचा प्रबंध आहे हे मला पुढे पुढे नाव न वाचताही कळायचं. गणिताचा पातळ आणि हलका. इतिहासाचा जाडजूड, शेवटी कागदपत्रांची लांब परिशिष्टं. भूशास्त्राच्या प्रबंधाला मागच्या पुठ्ठ्यात खिसा असायचा, त्यात घडी घातलेले नकाशे. समाजशास्त्राच्या शेवटी प्रश्नावली जोडलेली. मी स्वतः पीएच.डी. नाही, पण इतकी वर्षं ही रास हाताखालून गेल्यावर एक गोष्ट पक्की समजली: विषय बदलला की पुरावा बदलतो. कुणाचा पुरावा दगड, कुणाचा आकडा, कुणाचा एखाद्या म्हातारीच्या तोंडचा शब्द. घरच्यांचा गोंधळ इथेच होतोय असं मला वाटतं. काचेची नळी दिसली तरच त्यांना पुरावा दिसतो.

जुन्नर तालुक्याचंच उदाहरण घ्या. नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, त्यातल्या १४ मध्यभागी दाटीने आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. गोविंद स्वरूप यांनी ही उभी केली. तबकडीचा पृष्ठभाग म्हणजे बारीक तारेची जाळी आहे, पत्रा नाही. त्यामुळे वजन आणि खर्च कमी, वाराही आरपार जातो. ती चालवणारं केंद्र टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं, पण त्याचं कार्यालय गणेशखिंडीत आमच्या विद्यापीठाच्या आवारातच आहे. तिथलीच खगोलशास्त्राची संस्था आयुका आणि हे केंद्र, दोन्हींचे विद्यार्थी संध्याकाळी त्याच झाडांखालून फिरताना दिसायचे. २०२३ च्या सुरुवातीला या दुर्बिणीतून मिळालेल्या एका संकेताची बातमी आली. एका दूरच्या दीर्घिकेतल्या, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्या ताऱ्यांच्या प्रचंड समूहातल्या, हायड्रोजनचा तो संकेत होता आणि तिथून निघाल्याला त्याला ८८० कोटी वर्षं झाली होती. तो इतका क्षीण होता की मधल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखा मोठा केला म्हणूनच सापडला. खोडदच्या शास्त्रज्ञाचा पुरावा असा असतो: हात लावता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही, यंत्राच्या नोंदीतून गणित करून बाहेर काढावा लागतो.

त्याच तालुक्यात कुकडी नदीच्या काठी बोरी नावाचं गाव आहे. तिथल्या गाळात पांढरट राखेचा थर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेज या संशोधन संस्थेतल्या पुरातत्त्व आणि भूशास्त्राच्या मंडळींनी १९८० च्या दशकात त्याचा अभ्यास सुरू केला. आपल्याकडे जवळपास जिवंत ज्वालामुखी नाही, मग नदीकाठी ज्वालामुखीची राख कुठून आली? राखेतल्या काचकणांचं रसायन तपासलं आणि माग थेट सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीपर्यंत पोचला. खरा वाद पुढेच पेटला. त्या थराच्या सान्निध्यात दगडी हातकुऱ्हाडी मिळाल्या होत्या. राखेचं वय कळलं तर हत्यारांचं, म्हणजे इथल्या माणसाचं वय कळणार. एका पद्धतीने वय लाखो वर्षांचं निघालं. दुसऱ्या गटाने रसायन जुळवून सांगितलं की ही टोबाच्या शेवटच्या मोठ्या उद्रेकाची, म्हणजे साधारण ७५ हजार वर्षांपूर्वीची राख. राख तीच, माणसं प्रामाणिक, आणि उत्तरांत लाखो वर्षांचा फरक. मला हा वाद फार मोलाचा वाटतो. कारण दोन्ही बाजूंनी आपला नमुना कुठून घेतला, कसा मोजला, हे उघड मांडलं, म्हणूनच तिसऱ्याला तपासता आलं.

आता वेळ. घरच्यांना वाटतं तीन-चार वर्षांत काहीतरी शोध लागला पाहिजे. येरवड्याला डेक्कन कॉलेजात संस्कृतच्या महाकोशाचं काम १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी सुरू केलं. ऋग्वेदापासून अठराव्या शतकापर्यंतचे सुमारे १५०० ग्रंथ वाचून प्रत्येक शब्द कुठे, कोणत्या अर्थाने आला याच्या चिठ्ठ्या केल्या. नुसत्या चिठ्ठ्या करण्यातच पंचविसेक वर्षं गेली आणि त्या एक कोटीच्या घरात जमल्या. छपाईला सुरुवात झाली १९७६ मध्ये. पस्तीसएक खंड निघाले तरी काम अजून 'अ' या अक्षरातच आहे. मी ती चिठ्ठ्यांची खोली पाहिली आहे. लोखंडी कपाटं, त्यांत खण, खणांत बारीक अक्षरातल्या चिठ्ठ्या. ज्यांनी त्या लिहिल्या त्यांतले बहुतेक जण कोश पुरा झालेला पाहायला नाहीत आणि हे त्यांना लिहिताना माहीत होतं. मला त्या खोलीत नुसतं उभं राहिलं तरी भरून आलं होतं.

गणितवाल्यांना यातलं काहीच लागत नाही. फळा, कागद आणि न सुटलेला प्रश्न. एकदा सिद्ध झालं की झालं, त्याला नमुना नको आणि नूतनीकरणही नको. संख्याशास्त्राचं मात्र सगळ्यांशी घरगुती नातं. शेतीवाला, डॉक्टर, मानसशास्त्रवाला, जो तो आकडे घेऊन त्यांच्या दारात.

आकड्यांवरून सांगते. डेक्कन जिमखान्यावर गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. तिथे वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ मध्ये भारतातल्या दारिद्र्यावर अभ्यास प्रसिद्ध केला. गरीब कोण, हे ठरवल्याशिवाय गरीब मोजता येत नाहीत. त्यांनी रोजच्या २२५० कॅलरी मिळतील एवढा खर्च ही रेषा धरली आणि १९६०-६१ च्या पाहणीच्या आकड्यांवरून दाखवलं की खेड्यांतली सुमारे ४० टक्के आणि शहरांतली सुमारे ५० टक्के माणसं त्या रेषेखाली आहेत. पुढे देशभर दारिद्र्यरेषेवर किती वाद झाले! पण वाद घालायला रेषा कुणीतरी स्पष्ट आखावी लागते, आणि ती का आखली हे सांगावं लागतं. इथे प्रयोगशाळा म्हणजे हजारो घरांच्या खर्चाच्या नोंदी.

आणि विषयांच्या भिंती कशा गळून पडतात ते पाहायचं असेल तर इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी हे ताम्रपाषाणयुगातलं, म्हणजे तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरण्याच्या काळातलं, गाव होतं, साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० पर्यंत नांदतं. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांनी डेक्कन कॉलेजतर्फे तिथे १९६८ पासून बारा हंगाम उत्खनन केलं. घराच्या अंगणात चार पायांचा मातीचा मोठा रांजण निघाला, त्यात बसवलेला माणूस पुरलेला. मुलं गेली तर दोन मडक्यांची तोंडं जुळवून त्यांत ठेवून घरातच, जमिनीखाली पुरलेली. मोठ्या माणसांच्या सांगाड्यांना घोट्याखाली पाय नाहीत, पुरण्याआधीच तोडलेले. आता हे सगळं एकट्या पुरातत्त्ववाल्याला कसं उलगडणार? जळालेले दाणे वनस्पतितज्ज्ञाने पाहिले तेव्हा कळलं की सातू हे मुख्य पीक होतं. जनावरांच्या हाडांचा अभ्यास करणारा वेगळा, माणसांची हाडं आणि दात पाहणारा वेगळा, नदीचा गाळ वाचणारा भूशास्त्रज्ञ वेगळा, कोळशाच्या तुकड्यावरून कार्बन-१४ पद्धतीने काळ काढणारे भौतिकीवाले आणखी वेगळे. सगळ्यांचं जुळवल्यावर असं दिसलं की शेवटच्या काळात मोठी चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली आणि लोक मेंढ्या-शेळ्यांकडे वळले. पाऊसमान घटलं हे ढवळीकरांनी त्याचं कारण मांडलं. दुष्काळी भागातल्या कुणालाही हे वाचताना तीन हजार वर्षं मध्ये आहेत असं वाटणार नाही.

आता तुमच्या मुलीच्या विषयाकडे येते, कारण मूळ बोच तीच आहे.

शाळेत आपण सगळ्यांनी ऐकलंय की मराठीतलं पहिलं लिहिलेलं वाक्य कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या मूर्तीच्या पायाशी आहे, 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. ती मूर्ती करवणारा चावुंडराय दहाव्या शतकातला, म्हणून वाक्यही दहाव्या शतकातलं, असं धरलं गेलं. पण त्याच्याबरोबर दुसरी ओळ आहे, गंगराजाने सुत्तालय, म्हणजे मूर्तीभोवतीची ओवरी, करवल्याची, आणि हा गंगराज होयसळ राजांचा सेनापती, बाराव्या शतकातला. दोन्ही ओळी एकाच वेळी कोरल्या असतील तर पहिली ओळही दोन शतकं अलीकडे येते. हे ठरवायचं कसं? अक्षरांच्या वळणावरून, कोरण्याच्या धाटणीवरून, व्याकरणाच्या रूपांवरून. दुसरीकडे अलिबागजवळ अक्षीचा शिलालेख. शं. गो. तुळपुळे यांनी त्यावरचा शक ९३४ वाचला, म्हणजे इ.स. १०१२, आणि मान अक्षीकडे गेला. त्या वाचनावरही आक्षेप घेतले गेलेत. झिजलेल्या दगडावरचा एक अंक कसा वाचायचा यावर आपल्या भाषेचं वय हलतं! तुळपुळे पुणे विद्यापीठात मराठीचे प्राध्यापक होते. त्यांचं 'प्राचीन मराठी कोरीव लेख' विद्यापीठानेच १९६३ मध्ये छापलं. पुढे अमेरिकन अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाउस यांच्याबरोबर त्यांनी जुन्या मराठीचा कोश केला, तो १९९९ मध्ये आला. लीळाचरित्र किंवा ज्ञानेश्वरीतला एखादा शब्द अडला की आज जगात कुठेही बसलेला माणूस तो कोश उघडतो. हे पुस्तकावरून पुस्तक नव्हे. उन्हात दगडापुढे बसून, ठसे घेऊन केलेलं काम आहे.

जिवंत माणसांत जाऊन करायचं कामही आहे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था मिळून मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण करतात. गावोगाव जाऊन लोकांना चित्रं, वस्तू, छोटे प्रसंग दाखवायचे, ते काय म्हणतात ते ध्वनिमुद्रित करायचं आणि कुठला शब्द, कुठलं रूप कुठपर्यंत चालतं ते नकाशावर मांडायचं. तुम्ही कुठले ते लिहिलं नाहीत, पण तुमच्या आजीच्या तोंडचं एखादं क्रियापद तुमच्या नातवंडांपर्यंत पोचणार नाही, हे तुम्हालाही जाणवत असेल. ते नोंदवायला मराठीचाच माणूस लागतो.

एक कटू गोष्टही सांगते, नाहीतर चित्र अर्धवट राहील. माझ्या टेबलावर असे प्रबंधही आले की ज्यांत नवं काही नव्हतं. दोन कादंबरीकारांची नावं बदलायची, प्रकरणांची नावं तीच: जीवन, व्यक्तिमत्त्व, साहित्यकृतींचा परिचय, समारोप. पगारवाढीसाठी केलेले. विज्ञानातही होते, तिथे उपकरणाच्या आलेखांमुळे ते भारदस्त दिसायचे, एवढंच. अशा प्रबंधाला दाखलअंक देताना मला वाईट वाटायचं, कारण कपाटातली जागा त्यालाही तेवढीच लागायची. तुमच्या घरच्यांनी असंच काही पाहिलं असेल, तर त्यांचा राग मला कळतो.

म्हणून मुलीला थांबवू नका, पण तिला तीन गोष्टी विचारा. तुझा प्रश्न एका वाक्यात सांग. त्याचं उत्तर आज कुणाला माहीत नाही, हे तुला कशावरून कळलं? आणि तुझा पुरावा कुठे आहे: हस्तलिखितांत, गावात, जुन्या मासिकांच्या फायलींत, न्यायालयाच्या दप्तरात? तिसऱ्याचं उत्तर आलं की गाईड कोण हवा तेही आपोआप ठरतं. गाईड नावावरून निवडू नका, त्यांच्या हाताखालचे दोन जुने विद्यार्थी गाठून बोला. शोधगंगा या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. तिने आपल्या विषयातले दहा आधी चाळावेत, चांगला आणि भरताड यांतला फरक तिचा तिलाच दिसेल.

पैशाचं: नेट परीक्षेत जेआरएफ, म्हणजे संशोधनासाठीची सरकारी अधिछात्रवृत्ती, मिळाली तर २०२३ पासून महिना ३७ हजार रुपये मिळतात. ती नाही मिळाली तर बार्टी, सारथी, महाज्योती या वेगवेगळ्या समाजघटकांसाठीच्या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. वेळ पाच वर्षं धरून चाला.

आणि पुण्याला आलात तर तिला घेऊन एकदा डेक्कन कॉलेजला जा. आधी फोन करून परवानगी घ्या, म्हणजे चिठ्ठ्यांची खोलीही पाहायला मिळेल. घरातलं जे माणूस सगळ्यात जास्त विरोध करतंय, त्यालाही बरोबर न्या.