डीआयडीचं निदान झालंय, पण थेरपिस्ट लहानपणच्या आठवणींना हातच लावू देत नाहीत. तोवर करायचं काय?

तुम्ही लिहिलंय की निदान होऊन आठ महिने झाले, लहानपणी झालेल्या अत्याचाराबद्दल अजून एकदाही सविस्तर बोलणं झालेलं नाही आणि फी वाया जातेय असं वाटतं. वाया जात नाहीये. या आठ महिन्यांत जे चाललंय तोच उपचार आहे.

डीआयडी म्हणजे डिसोसिएटिव्ह आयडेंटिटी डिसऑर्डर: एकाच माणसात वेगवेगळ्या ओळखी, म्हणजे 'भाग', आलटूनपालटून पुढे येतात आणि मधलं बरंच आठवत नाही. त्याच्या उपचारात तीन टप्पे मानतात: आधी सुरक्षितता आणि स्थैर्य, मग आघाताच्या आठवणी, शेवटी भागांचं एकत्र येणं आणि पुढचं आयुष्य. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पिएर जाने या फ्रेंच मानसतज्ज्ञाने साधारण हाच क्रम मांडला होता, आणि 2011 च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांतही तोच आहे. घाई केली की जे बिघडतं ते बहुतेक वेळा एकाच पद्धतीने बिघडतं. एक भाग सेशनमध्ये सगळं सांगून टाकतो. 'कुणाला बोलायचं नाही' हा नियम पाळून ज्या भागाने लहानपणी जीव वाचवला, त्याला आता शिक्षा होणार याची खात्री वाटते. मग त्याच रात्री स्वतःला इजा, दोन दिवस कामावर दांडी, किंवा थेरपीच बंद. हिप्नोसिस करून 'दडलेल्या आठवणी बाहेर काढून देतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. तशा काढलेल्या आठवणींत खरं किती आणि सुचवलेलं किती, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही.

आता घरी करायची कामं. सगळ्यात उपयोगी पडते ती साधी दोनशे पानी वही, एकाच ठरलेल्या जागी ठेवलेली, सगळ्या भागांनी मिळून लिहायची. मोठमोठं लिहायची गरज नाही. 'मंगळवार, दुपारी 3.40. किराणा आणला, 640 रुपये गेले. आईचा फोन आला, रविवारी येतो असं सांगितलंय. दुपारची गोळी घेतलेली नाही.' एवढं पुरतं. नियम दोनच: दुसऱ्याचं पान फाडायचं नाही आणि कुणाची टिंगल करायची नाही. सुरुवातीला पानं कोरी राहतील किंवा शिव्या येतील. शिव्यांनाही शांतपणे उत्तर लिहा, संवाद असाच सुरू होतो.

गोळ्यांसाठी आठवड्याचा, वारांचे कप्पे असलेला डबा घ्या. स्मृतीत खंड पडला की एकच डोस दोनदा घेतला जातो, आणि हा धोका लोक फार हलक्यात घेतात. घरात आठवड्यापुरताच साठा असू द्या, बाकीच्या गोळ्या विश्वासातल्या माणसाकडे. डीआयडीवर म्हणून असं औषध नाही. औषधं असतात ती नैराश्य, चिंता, झोप यांसाठी. क्लोनाझेपामसारखी गोळी बरेच दिवस चालू असेल तर विसरणं वाढतंय का, हे सायकिअ‍ॅट्रिस्टना विचारा, पण ती मनाने एकदम बंद करू नका. खर्चाचं खातं वेगळं ठेवा, त्यात थोडीच रक्कम, आणि यूपीआय त्यालाच जोडा. गाडी कोणत्या भागांनी चालवायची नाही, हेही वहीत लिहून ठरवा.

ग्राउंडिंग, म्हणजे मनाला आत्ताच्या क्षणात परत आणायचा व्यायाम, डोळे उघडे ठेवून करा. पाय जमिनीवर घट्ट, समोरच्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने, मग कानावर येणारे आवाज, मग हाताला गार पाणी किंवा खरखरीत काहीतरी. खिशात एक कार्ड असू द्या: आजचं साल, तुमचं वय, आत्ताचा पत्ता, 'तो माणूस इथे नाही, दाराची कडी माझ्या हातात आहे.' अचानक पुढे आलेल्या, लहान मुलासारख्या भागाला आपण अजून लहानपणच्या त्याच घरात आहोत असं वाटत असतं. त्याला समजावण्यापेक्षा ही माहिती लवकर शांत करते. डोळे मिटून लांबलचक ध्यान किंवा शवासन केल्याने उलट जास्त तुटल्यासारखं होऊ शकतं. या टप्प्यावर दहा दिवसांच्या मौन शिबिराला तर अजिबात जाऊ नका, कुणी कितीही आग्रह केला तरी.

रागीट, धमक्या देणाऱ्या भागाला हाकलायचा प्रयत्न करू नका. तो बहुतेक वेळा अत्याचार करणाऱ्याच्या भाषेत बोलतो, कारण 'आपणच आधी गप्प बसलो तर मार कमी' असा त्याचा हिशोब असतो. त्याला विचारा, तू धमकावणं थांबवलंस तर काय होईल अशी भीती आहे? घरच्यांनाही सांगून ठेवा की कुतूहलापोटी 'आता त्याला बोलाव' म्हणायचं नाही आणि अंगात आलंय म्हणून मांत्रिकाकडे न्यायचं नाही.

सगळ्यात अवघड प्रश्न असतो तो अत्याचार करणारा नात्यातलाच असेल तर. गणपतीला, लग्नाला तो समोर येणार. जाणं टाळता आलं तर टाळा, कारण सांगायला तुम्ही बांधील नाही. जावंच लागलं तर मुक्काम करू नका, परतीची गाडी आधीच ठरवा आणि पुढचे दोन दिवस मोकळे ठेवा. त्रास बहुधा घरी परतल्यावर सुरू होतो.

प्रगती मोजायची ती आठवणी किती निघाल्या यावर नाही. आठवत नसलेले तास कमी होतायत का, ट्रिगरनंतर (जुना आघात जागा करणाऱ्या गोष्टीनंतर) सावरायला दोन दिवसांऐवजी दोन तास लागतात का, स्विच होताना, म्हणजे दुसरा भाग पुढे येताना, तुम्हाला मागून थोडंफार दिसत राहतं का, हे बघा. सगळे भाग मिळून एकच व्हावं, हे प्रत्येकाचं ध्येय असतंच असं नाही. एकमेकांशी बोलत, कामं वाटून नीट जगणारे लोकही आहेत.

पुढच्या सेशनला विचारा: 'दुसऱ्या टप्प्याकडे जायला माझ्यात नेमकं काय दिसायला हवं?' चांगला थेरपिस्ट याचं ठोस उत्तर देतो. आणि पुढे आठवणींचं काम सुरू होईल तेव्हा सेशनचे तीन भाग पाडले जातायत ना ते पाहा: पहिल्यात तयारी, मधल्यात काम, शेवटचा तिसरा हिस्सा फक्त सावरायला. तुम्ही थरथरत रिक्षात बसताय असं दर वेळी होत असेल, तर तो शेवटचा हिस्सा खाल्ला जातोय. तसं स्पष्ट सांगा. मध्येच जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर सेशनची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो आणि मराठीतही बोलता येतं. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहा, म्हणजे पुढे कोणताही भाग असला तरी त्याला सापडेल.