बोट निघायच्या आधी प्लॉट घ्यावा का?

जुळे सोलापुरातून एका ताईंचं पत्र आलं आहे. मिस्टर नौदलात पेटी ऑफिसर, नोकरीला ११ वर्षं झालेली. पुढच्या महिन्यात त्यांची शिप मुंबईहून लांबच्या डिप्लॉयमेंटवर निघते आहे, सहा महिने तरी धरून चाला असं सांगितलं गेलंय. अक्कलकोट रस्त्याच्या बाजूला २ गुंठ्यांचा प्लॉट १४ लाखांना मिळतोय. बँकेत ठेव ६.५ लाख, मिस्टरांच्या एएफपीपीत, म्हणजे जवानांच्या भविष्य निर्वाह निधीत, ५ लाख. उरलेल्या अडीच लाखांसाठी दागिने गहाण ठेवायचे. एजंट म्हणतो, लाखभर विसार, म्हणजे सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम, आत्ता द्या, ४५ दिवसांत खरेदी. मिस्टर म्हणतात, "मी नसताना दादाला धरून करून टाक." दादा म्हणजे ताईंचे दीर. घरात सासूबाई आणि पहिलीत जाणारा मुलगा. ताई स्वतः गणवेशाच्या कारखान्यात शिलाईवर महिना ८,००० कमावतात.

ताई, सगळ्यात आधी एक. तुम्ही पत्रात शिपचं नाव आणि निघायची तारीख लिहिली होती, ती मी काढून टाकली आहे. अशा गोष्टी एजंटला, शेजारी, व्हॉट्सॲपवर कुठंच सांगू नका.

आता प्लॉट. माझं मत सरळ आहे: मिस्टर परत येईपर्यंत घेऊ नका. प्लॉट वाईट आहे असं मी म्हणत नाही, तो मी पाहिलेला नाही. पण खरेदीची तारीख बोटीच्या तारखेला बांधली गेली आहे, आणि त्याचा फायदा फक्त एजंटला आहे.

हिशेब पुन्हा मांडू. मुद्रांक शुल्क हद्दीप्रमाणे बदलतं, तरी नोंदणी फी धरून सहा-सात टक्के समजा. म्हणजे १४ लाखांचा प्लॉट १५ लाखांना पडतो. मोजणी आणि कुंपण वेगळं. तुमच्याकडे साडेअकरा लाख आहेत, तेव्हा दागिन्यांवर अडीच नाही, साडेतीन लाख काढावे लागतील. आणि त्या दिवशी घरात शिल्लक शून्य. सासूबाईंना दवाखान्यात न्यायची वेळ आली तर सोनंही गहाण, ठेवही मोडलेली आणि मिस्टरांशी बोलणं कधी होईल याचा भरवसा नाही.

एएफपीपीला तर हात लावूच नका. त्यावर गेली काही वर्षं ७.१ टक्के व्याज मिळतंय, आणि तुमच्या मिस्टरांएवढी वर्गणी असेल तर ते करमुक्त असतं. ५ लाखांवर वर्षाला ३५,५०० रुपये होतात. शिवाय पैसे काढायचा अर्ज त्यांच्याच सहीने जातो, तो तुम्ही किंवा दीर करू शकणार नाही. विसार देऊन बसलात आणि हे पैसे वेळेत आले नाहीत, तर लाखावर पाणी सोडावं लागेल.

सहा महिने म्हणजे सहाच महिने, असंही धरू नका. एडनच्या आखातात आपल्या नौदलाची गस्त २००८ पासून आहे, आणि २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले सुरू झाल्यापासून तिकडे बोटी वाढवाव्या लागल्या. मार्च २०२४ मध्ये आयएनएस कोलकाताने ३५ सोमाली चाचे पकडून मुंबईला आणले. अशी कामं कॅलेंडर बघून येत नाहीत. एजंटचे ४५ दिवस मात्र मोजून ४५ असतात.

कागदांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण खरी भीती मला तिथे वाटते. एजंट "नोटरी साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून देऊ, खरेदीखत नंतर" असं म्हणाला, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. साठेखत म्हणजे पुढे विकण्याचा करार, आणि कुलमुखत्यारपत्र म्हणजे दुसऱ्याच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार. सूरज लॅम्प खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे की साठेखत आणि कुलमुखत्यारपत्रावर जमिनीची मालकी मिळत नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. मग खरेदीखत "नंतर" का? बहुतेक वेळा सातबारा सामाईक, म्हणजे अनेकांच्या नावावर असतो, किंवा जमीन अजून शेतीचीच असते आणि लेआउट मंजूर नसतो. सातबारा, मंजूर लेआउट आणि बिगरशेतीचे कागद मागा. जागा ५०० चौरस मीटरपेक्षा मोठी असेल आणि आठपेक्षा जास्त प्लॉट पाडले असतील, तर महारेराचा, म्हणजे अशा प्रकल्पांवर देखरेख ठेवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाचा, नोंदणी नंबरही मागा. ५०० चौरस मीटर म्हणजे जेमतेम ५ गुंठे, तेव्हा "आमचा लेआउट छोटा आहे, रेरा लागत नाही" हे प्लॉट मोजल्याशिवाय मानू नका. आणि विसार रोखीत मागितलाय ना? जमिनीच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मान्य नाही. एजंटला हे नक्की माहीत असतं.

दिरांबद्दल तुम्ही संकोचून लिहिलंय. ते घरचेच आहेत, त्यांच्यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण जमिनीचं सर्वाधिकार कुलमुखत्यारपत्र त्यांच्या नावाने करू नका. मिस्टरांना कुणाला तरी अधिकार द्यायचाच असेल तर तो तुम्हाला द्यावा. पत्नीच्या नावाने, मोबदला न घेता केलेल्या कुलमुखत्यारपत्राला आपल्याकडे ५०० रुपयांचा मुद्रांक पुरतो. त्यात कामं नेमकी लिहा: बँक, विमा, शाळा, वीजबिल. ते दुय्यम निबंधकाकडे नोंदवून घ्या. नाराजी टाळायची असेल तर दिरांना सांगा, सल्लागाराने असंच करायला सांगितलंय. माझ्या नावावर खुशाल ढकला.

निघण्याआधी मिस्टर सिद्धेश्वर एक्सप्रेसने दोन-चार दिवस घरी येणार असतील, तर ते दिवस प्लॉट बघण्यात घालवू नका. बँकेत जा. पगाराच्या खात्यात तुमचं नाव आहे का आणि दोघांपैकी कुणालाही व्यवहार करता येतो का, ते बघा. ओटीपी कुणाच्या मोबाइलवर येतो? बहुतेक घरांत नवऱ्याच्या. तो नंबर समुद्रात बंद, मग ठेव मोडायची तर हात बांधलेले. म्हणून त्या ठेवीतले २ लाख तुमच्या एकटीच्या खात्यात, तुमच्या नंबरवर हवेत. नौदलाच्या सामूहिक विम्यावर आणि एएफपीपीवर वारस म्हणून कुणाचं नाव आहे, हे त्यांना शिपच्या ऑफिसात बघायला सांगा. भरतीच्या वेळी लावलेलं आईचं नाव लग्नानंतर बदलायचं राहून गेलेलं पुष्कळदा दिसतं. सासूबाईंना त्यातून काही ठेवायचं असेल तर तसं वाटून लिहा, पण ठरवून लिहा.

घर चालवून महिन्याला १०,००० मागे पडतात असं तुम्ही लिहिलंय. बोटीवर जेवण-राहणं सरकारी, मिस्टरांचा स्वतःचा खर्चही आटतो, त्यामुळे या काळात २०,००० टाकता येतील. सहा महिन्यांत १,२०,००० होतात. आवर्ती ठेव करा, म्हणजे मधल्या मधे जाणार नाहीत. समुद्रावरचा जादा भत्ता पगारात धरून कुठलाही हप्ता ठरवू नका, किनाऱ्यावर बदली झाली की तो थांबतो.

मिस्टरांची पेन्शन पक्की व्हायला १५ वर्षांची नोकरी लागते. अजून चार तरी वर्षं आहेत. तोवर मुंबईत क्वार्टर मिळेल, विशाखापट्टणमला बदली होईल, काहीही होऊ शकतं. सोलापुरात घर बांधायची आज घाई नाही. सोलापूरच्या भोवती प्लॉट संपलेत असं मला तरी दिसत नाही.

एजंटला एवढंच कळवा: कागद वकिलाला दाखवू, विसार चेकने देऊ, आणि कागदांत खोट निघाली तर विसार परत मिळेल असं लेखी द्या, खरेदी मिस्टर आल्यावर. त्याने मान्य केलं तर ५१,००० पर्यंतचा चेक द्यायला माझी हरकत नाही. वकिलाची फी त्यातून वाचवू नका. नाही म्हणाला तर तो प्लॉट सोडा, आणि कागदांच्या झेरॉक्स आधीच हाती आल्या असतील तर मला पाठवा, बघून सांगतो.