दुसरं महायुद्ध जिंकून देणाऱ्या चर्चिलना ब्रिटिश मतदारांनी अडीच महिन्यांत घरी का बसवलं? हा कृतघ्नपणा नव्हे का? आणि आपण भारतीयांनी या माणसाचं काय करायचं?

मला तरी तो कृतघ्नपणा वाटत नाही. 8 मे 1945 ला, युरोपातल्या विजयाच्या दिवशी, ज्या माणसासाठी लंडनचे रस्ते गर्दीने फुलले, त्याच्याच हातून 26 जुलैला सत्ता गेली, हे ऐकायला विचित्र वाटतं खरं. पण मतदारांनी पाडलं ते हुजूर (कॉन्झर्व्हेटिव्ह) पक्षाला. चर्चिल त्या पक्षाचे नेते होते, म्हणून तेही गेले.

(शाळेत असताना मला वाटायचं की हुजूर पक्ष आणि मजूर (लेबर) पक्ष ही नावं आमच्या सरांनी यमकासाठी जुळवली असावीत. पण 1945 ची निवडणूक समजून घ्यायला याहून नेमकी नावं सापडणार नाहीत.)

जनमत चाचण्या घेणाऱ्या गॅलप संस्थेची मे 1945 मधली पाहणी बघा. 83 टक्के लोक चर्चिल यांच्या कामावर खूश होते, आणि त्याच सुमाराला पक्ष कोणता हवा असं विचारलं की मजूर पक्ष पुढे. एकाच माणसाच्या मनात दोन्ही गोष्टी सुखाने नांदत होत्या. खुद्द चर्चिल वुडफर्ड मतदारसंघातून निवडून आले. तिथे मजूर आणि उदारमतवादी पक्षांनी त्यांच्या मानाखातर उमेदवारच दिला नव्हता. तरी समोर उभ्या राहिलेल्या एका अपक्षाला दहा हजारांवर मतं पडली!

आता थोडं मागे, 1940 कडे जाऊ, कारण खरी गंमत तिथे आहे. चर्चिल हे कधीच आपल्या पक्षाचे लाडके नव्हते. 1904 मध्ये ते हुजूर पक्ष सोडून उदारमतवाद्यांत गेले आणि वीस वर्षांनी परत आले. अशा माणसावर कोण विश्वास टाकणार? त्यात पहिल्या महायुद्धात फसलेल्या गॅलिपोलीच्या मोहिमेचा डाग होताच. मे 1940 मध्ये हुजूर पक्षाचे तेव्हाचे पंतप्रधान चेंबरलेन यांच्या हाताखाली काम करायला मजूर पक्षाने नकार दिला, म्हणून चर्चिल यांची वाट मोकळी झाली. 13 मे ला ते पंतप्रधान म्हणून पहिल्यांदा सभागृहात आले, तेव्हा त्यांच्याच बाकांवरून चेंबरलेनना जास्त टाळ्या पडल्या. नव्या पंतप्रधानाला मनापासून दाद दिली ती मजूर पक्षाने.

पुढची पाच वर्षं सरकार सगळ्या पक्षांचं मिळून होतं. चर्चिल यांचं लक्ष रणांगणावर, रूझवेल्ट आणि स्टालिनवर. घरचा कारभार मोठ्या प्रमाणात मजूर पक्षाच्या मंत्र्यांकडे: कामगार खातं अर्नेस्ट बेव्हिन यांच्याकडे, गृहखातं हर्बर्ट मॉरिसन यांच्याकडे, आणि चर्चिल परदेशी असले की मंत्रिमंडळाची बैठक चालवायला क्लेमंट ॲटली. "या मजूरवाल्यांना राज्य चालवता येईल का?" ही जुनी शंका चर्चिल यांच्याच मंत्रिमंडळाने पुसून टाकली.

त्यात डिसेंबर 1942 मध्ये बेव्हरिज अहवाल आला. आजारपण, बेकारी, म्हातारपण, सगळ्यांसाठी विम्याची योजना. सरकारी अहवाल तो, पण लोकांनी रांगा लावून विकत घेतला आणि लाखांनी प्रती खपल्या. चर्चिल यांचा सूर मात्र "आधी युद्ध, मग बघू" असा. लोकांना 1918, म्हणजे पहिल्या महायुद्धाचा शेवट, आठवत होता. तेव्हाही शूरांना साजेशी घरं देऊ म्हणून सांगितलं होतं आणि पुढे बेकारीच्या रांगा पाहाव्या लागल्या होत्या. त्या काळात बहुतेक वर्षं सत्तेवर कोण होतं? हुजूर पक्षच. हिटलरला झुकतं माप देणारा म्युनिकचा करार करणाराही तोच. शिवाय 1935 नंतर सार्वत्रिक निवडणूकच झाली नव्हती, त्यामुळे तिशीच्या आतल्या कुणीही तोवर त्या निवडणुकीत मत दिलेलं नव्हतं.

एवढं असूनही अंतर कदाचित कमी राहिलं असतं. पण 4 जूनला चर्चिल रेडिओवर बोलले की समाजवाद आणायचा तर गेस्टापोसारखं, म्हणजे हिटलरच्या गुप्त पोलिसांसारखं, काहीतरी उभारावंच लागेल. कालपर्यंत मांडीला मांडी लावून बसलेल्या ॲटलींच्या पक्षाबद्दल हे बोलणं! दुसऱ्या दिवशी ॲटलींनी शांतपणे उत्तर दिलं: युद्धातले थोर नेते चर्चिल आणि हुजूर पक्षाचे पुढारी चर्चिल यांच्यात किती फरक आहे, हे मतदारांना कळावं असं त्यांना वाटत असावं. माझ्या मते निवडणुकीचं सार या एका टोल्यात आहे.

मतदान 5 जुलैला झालं, मोजणी तीन आठवड्यांनी, कारण जगभर पसरलेल्या सैनिकांची मतं यायची होती. 640 पैकी 393 जागा मजूर पक्षाला. चर्चिल जर्मनीतली पॉट्सडॅमची दोस्त राष्ट्रांची परिषद अर्धी टाकून निकालासाठी घरी आले होते. परत गेले ते ॲटली. ही इष्टापत्ती असेल, असं पत्नी क्लेमेंटाइन म्हणाल्या. असेल तर ती फारच चांगली लपून आली आहे, असं चर्चिल यांचं उत्तर.

1951 मध्ये ते परत पंतप्रधान झाले, पण तेव्हाही एकूण मतं मजूर पक्षालाच जास्त होती. ॲटलींनी सुरू केलेली मोफत आरोग्यसेवा त्यांनी मोडली नाही.

आपण या माणसाचं काय करायचं, असंही तुम्ही विचारलंय. तो हिशेब मी वेगळ्या वहीत ठेवतो. 1896 मध्ये तरुण चर्चिल मुंबईला आले ते ससून डॉकवर उतरताना खांदा निखळवून घेऊनच, आणि तो खांदा त्यांना जन्मभर छळत राहिला. भारताबद्दलची त्यांची मतंही त्याच काळात गोठली असावीत. भारताला थोडेफार अधिकार देण्याच्या प्रश्नावर 1931 मध्ये त्यांनी आपल्याच पक्षनेतृत्वाशी फारकत घेतली. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे 30 लाख माणसं गेली. ब्रह्मदेश जपानकडे गेल्याने तांदूळ बंद झाला, साठेबाजी झाली, हे खरं. पण धान्यासाठी जहाजं द्या म्हणून दिल्लीहून येणाऱ्या विनंत्या लंडनने वारंवार टाळल्या किंवा अपुऱ्या पुरवल्या, हेही तितकंच खरं. गांधी अजून मेले कसे नाहीत, अशी चिडखोर तार चर्चिल यांनी पाठवल्याची नोंद व्हाइसरॉय वेव्हेल यांनी जुलै 1944 मध्ये रोजनिशीत केली आहे. त्याच वर्षी फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये, कैदेतच, कस्तुरबा गेल्या होत्या. 1940 मध्ये हिटलरपुढे न वाकल्याचं श्रेय मी चर्चिलना पूर्ण देतो, पण ते या खात्यात वळतं करत नाही.

ब्रिटिश मतदाराने 1945 मध्ये मत दिलं ते घर, नोकरी आणि डॉक्टरसाठी. भारत त्याच्या डोक्यात क्वचितच असेल. तरी त्या मतातून आलेल्या ॲटलींनीच 20 फेब्रुवारी 1947 ला भारत सोडण्याची घोषणा केली, आणि समोरच्या बाकांवरून चर्चिल यांनी तिच्यावर कडाडून टीका केली. हेच ॲटली 1928 मध्ये सायमन कमिशनचे सदस्य होते, आणि मुंबईने त्या कमिशनचं स्वागत काळ्या निशाणांनी केलं होतं.