गॅरेजमधून मोटरसायकलला नवी चेन टाकून आणली, तेव्हापासून गाडी जड चालते आणि खालून आवाज येतो. मिस्त्री म्हणतो, 'नवी आहे, रुळेल.' काय करू?

चेन मोजून बघेपर्यंत गाडी चालवू नका. बाकीचं सगळं नंतर.

तुम्ही लिहिलंय की आठवडाभर गाडी अशीच चालवताय, न्यूट्रलमध्ये ढकलतानाही जड लागते, वेग धरला की घरघर येते आणि मागे कुणी बसलं की आवाज वाढतो. ही शेवटची गोष्ट महत्त्वाची आहे. वजन पडल्यावर आवाज वाढतो म्हणजे चेन गरजेपेक्षा घट्ट ताणली असावी, असा माझा पहिला संशय.

'रुळेल' यात थोडं तथ्य आहे, म्हणूनच माणूस फसतो. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये जराशी सैल पडते. साधारण ५०० किलोमीटरनंतर ती पुन्हा तपासायची असते ती त्यामुळेच. पण पुढे सैल पडणार म्हणून आज घट्ट बसवून द्यायची, हे चूक. मधल्या काळात तो ताण गिअरबॉक्समधून बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर आणि मागच्या चाकाच्या बेअरिंगवर पडत राहतो. चेन रुळेपर्यंत बेअरिंग वाजायला लागतं.

वजनाने फरक का पडतो ते सांगतो. मागचं चाक स्विंगआर्मला, म्हणजे दोन्ही बाजूंनी मागे गेलेल्या लोखंडी हाताला, धरलेलं असतं आणि स्विंगआर्म आपल्या बोल्टभोवती वर-खाली होतो. इंजिनाकडचं छोटं स्प्रॉकेट, म्हणजे चेन ज्यावर फिरते ते दातांचं चाक, मात्र त्या बोल्टच्या पुढे, जागच्या जागी असतं. शॉकअप दबले की मागचा एक्सल (चाकाचा आस) वर येतो, आणि पुढचं स्प्रॉकेट, स्विंगआर्मचा बोल्ट व एक्सल एका रेषेत आले की दोन स्प्रॉकेटमधलं अंतर सगळ्यात जास्त होतं. उभ्या गाडीत चेनला जो ढिलेपणा देतात तो या क्षणासाठी. स्टँडवर 'टाइट, मस्त' वाटणारी चेन दोन माणसं बसून खड्ड्यात गेली की तारेसारखी ताठ होते.

आता मोजायचं कसं. इंजिन बंद, चावी खिशात. गाडी कुठल्या स्टँडवर ठेवायची आणि चेन किती सैल हवी हे मॅन्युअलमध्ये असतं, पुष्कळ गाड्यांवर स्विंगआर्मला स्टिकरही असतो. खालच्या बाजूची चेन, दोन स्प्रॉकेटच्या बरोबर मध्ये, बोटाने वर ढकला, मग खाली ओढा. या दोन टोकांमधलं अंतर पट्टीने मोजा. अनेक छोट्या गाड्यांना ते २० ते ३० मिलिमीटरच्या आसपास सांगितलेलं असतं, उंच आणि लांब सस्पेन्शनच्या गाड्यांना त्याहून जास्त. तुमच्या गाडीचा आकडा हाच प्रमाण माना. एकाच जागी मोजून थांबू नका. चाक हाताने थोडं फिरवायचं, पुन्हा मोजायचं, असं चार-पाच ठिकाणी करा. एका जागी १० आणि दुसऱ्या जागी ३० भरलं, तर बहुधा चेन नवी आणि स्प्रॉकेट जुनं अशी जोडी लावली आहे, किंवा एखादी कडी अडकते आहे. मग कुणाला तरी सीटवर बसवून चेन हलते का ते बघा. तेव्हाही ती थोडी हललीच पाहिजे.

चाक फिरवताना बोटं स्प्रॉकेटपासून लांब ठेवा. गाडी चालू करून, गिअरमध्ये टाकून चेन फिरवत बघणारे मी पाहिले आहेत. कृपा करून तसं कधीही करू नका, बोट जायला क्षण पुरतो.

मोजमाप झालं की चेनचं लॉक शोधा, म्हणजे चेनची दोन टोकं जोडणारी कडी. तिच्यावर पत्तीची क्लिप असेल तर ती कुठल्या दिशेला आहे ते बघा. याबद्दल मी इतकं का सांगतो आहे, तर हे माझ्यासोबत झालंय.

चेनसेट (चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट) बदलून आणल्यावर तिसऱ्या दिवशी मी सहज चेन पुसायला बसलो होतो. ती क्लिप दिसायला छोट्या माशासारखी असते: एक टोक गोल आणि बंद, दुसरीकडे शेपटीसारखी दोन उघडी टोकं. चेन ज्या दिशेने पळते त्या दिशेला बंद टोक हवं. म्हणजे वरच्या पट्ट्यात ते इंजिनाकडे, खालच्या पट्ट्यात मागच्या चाकाकडे. माझ्या गाडीत नेमकं उलटं होतं, आणि शेपटीचं एक टोक पिनच्या खाचेतून अर्धं बाहेर आलं होतं. नखाने दाबलं तर ते हललं. मग धास्तीने मागचे सगळे नट तपासले. ड्रम ब्रेकच्या प्लेटला स्विंगआर्मशी धरून ठेवणारी दांडी असते ना, तिचा नट बोटांनी फिरला. पानासुद्धा लागला नाही. ती दांडी सुटली तर ब्रेक दाबताच प्लेट चाकाबरोबर फिरू पाहते आणि चाक जाम होऊ शकतं. आदल्याच संध्याकाळी माझी मुलगी त्या गाडीवर मागे बसून आली होती. तो नट हातात धरून मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

तेव्हा तुमच्या गाडीला मागे ड्रम ब्रेक असेल तर ही दांडी आधी बघा, चेन त्यानंतर. एक्सलचा नट आणि तो सुटू नये म्हणून त्यात घातलेली स्प्लिट पिनही बघा. पिन गायब असेल, किंवा जुनीच वाकवून पुन्हा घातली असेल, तर नवी मागा.

चाक सरळ बसलंय का हेही याच वेळी कळतं. स्विंगआर्मच्या दोन्ही बाजूंना खुणा असतात, दोन्हीकडे ॲडजस्टर (चाक मागेपुढे सरकवून चेन ताणायचा स्क्रू) सारख्याच खुणेवर हवा. या खुणा कधीकधी स्वतःच थोड्या चुकलेल्या असतात. म्हणून गाडीच्या मागे गुडघ्यावर बसून चेनच्या रेषेत नजर लावा. चेन स्प्रॉकेटवरून सरळ निघताना दिसली पाहिजे. एका बाजूला वळत असेल, किंवा स्प्रॉकेटच्या दातांची एकच बाजू घासून चकाकत असेल, तर चाक तिरकं आहे. पुढचं स्प्रॉकेट उलटं बसवलं तरी असं होतं, कारण काहींना एका बाजूला उंचवटा असतो.

चेनचा नंबरही वाचून घ्या, कड्यांवर कोरलेला असतो. ४२८ मधला ४ म्हणजे दोन पिनांमधलं अंतर अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. ५२०, ५२५, ५३० या तिन्हींत ते १५.८७५ मिलिमीटर असतं, फरक फक्त रुंदीचा. म्हणून ५२० च्या स्प्रॉकेटवर ५३० ची चेन चढते, फिरतेही, पण आडवी डुलत राहते. कड्यांची संख्याही मॅन्युअलशी जुळवा. ॲडजस्टर पार पुढे येऊनही चेन ताठच असेल, तर कड्या कमी पडल्यात.

आता गॅरेजचं. भांडायला जाऊ नका, मोजमाप घेऊन जा. बिल, क्लिपचा आणि खुणांचा फोटो, चार ठिकाणचे आकडे. मोबाइलवर मॅन्युअलचं पान उघडून म्हणा, 'दादा, इथे इतकं लिहिलंय आणि आपल्या गाडीत इतकं भरतंय, माझ्यासमोर लावून द्या.' बहुतेक मिस्त्री यावर वाद घालत नाहीत. चूक घाईत झालेली असते, दिवसाला कितीतरी गाड्या हाताखालून जातात. गाडी ढकलत नेण्यासारखी नसेल तर त्यालाच घरी बोलवा. ज्या चेनवर संशय आहे ती चालवत गॅरेज गाठणं मला पटत नाही. काम होताना तिथेच उभे राहा. क्लिप काढली तर नवीच बसली पाहिजे. लॉक रिव्हेटचं, म्हणजे क्लिपऐवजी पिना ठोकून बसवलेलं असेल तर ते एकदा उघडलं की पुन्हा वापरता येत नाही, आणि ओ-रिंगची (कड्यांमध्ये रबरी रिंगा असलेली) चेन असेल तर लॉकच्या चारही रिंगा जागेवर हव्यात.

चाक मागेपुढे केल्याने ड्रम ब्रेकचा पॅडल किती खाली जातो तेही बदलतं. पॅडल दाबून बघितल्याशिवाय निघू नका.

पहिल्या मिस्त्रीने ऐकलंच नाही तर दुसऱ्याकडून करून घ्या, पण काय चुकीचं होतं ते या दुसऱ्याकडून बिलावर लिहून घ्या आणि काढलेले भाग सोबत ठेवा. पैसे परत मागताना त्याचा उपयोग होतो.

आणखी एक. तुम्ही या घट्ट चेनवर आठवडाभर फिरला आहात. चाक उघडतीलच, तेव्हा हबच्या (चाकाच्या मधल्या भागाच्या) बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवायला सांगा. खरखर जाणवली तर बदला. पुढच्या स्प्रॉकेटचं कव्हर उघडून शाफ्टजवळ तेल पाझरतंय का तेही बघा.

नंतरची पहिली फेरी एकट्याने मारा, हळू, जवळच. परत आल्यावर तो दांडीचा नट आणि एक्सलचा नट पाना लावून एकदा पाहा, आणि मगच कुणाला मागे बसवा.