ऑटोक्रॉससाठी (छोट्या ट्रॅकवर घड्याळाशी लावलेली शर्यत) हॅचबॅक हलकी करतोय. लिथियम बॅटरी घेऊन ती डिकीत हलवावी का? कोणती घ्यावी?

दोन्ही एकदम करू नका. लहान पेट्रोल गाडीची ३५ अँपिअर-अवरची लेड-ॲसिड बॅटरी साधारण १० किलो भरते, तेवढंच काम करणारी लिथियम आयर्न फॉस्फेट ३-४ किलोंत येते. आता ती डिकीत न्यायची तर चार-साडेचार मीटर ३५ चौरस मिमीची तांब्याची केबल आली. तिचंच वजन दीड-पावणेदोन किलो, वर ट्रे आणि क्लॅम्प. वाचवलेलं निम्म्याच्या आसपास परत गाडीत! मागे न्यायची तर जड बॅटरी न्या, तिथे वजनाच्या वाटणीत फरक तरी पडतो.

आणि फ्यूज. यावर माझं नि माझ्या मामेभावाचं अजून वाजतं. त्यानं बॅटरी डिकीत नेली, केबल कार्पेटखालून पुढे ओढली आणि फ्यूज लावला नाही. मी हात जोडून सांगितलं होतं. त्याचं म्हणणं, "सेल्फच्या वायरला कंपनी तरी कुठे फ्यूज देते?" अरे, कंपनीची वायर दीड-दोन फुटांची, बॉनेटमधल्या बॉनेटमध्ये. तुझी अख्ख्या गाडीतून जाते, माणसांच्या पायाखालून!

त्र्यंबकहून परत येताना सातपूरच्या अलीकडे जळक्या रबराचा वास यायला लागला. त्यानं किल्ली बंद केली, तरी ड्रायव्हर सीटखालून धूर वाढतच होता. वाढणारच, ती केबल किल्लीला विचारत नाही. मी डिकी उघडून दहाच्या पान्यानं निगेटिव्ह सोडवली तेव्हा कुठे थांबलं. (आधी निगेटिव्हच काढायची. पॉझिटिव्हवर असताना पाना बॉडीला टेकला तर तिथेच वेल्डिंग होतं.) मॅट उचलली तर सीटच्या रेलखाली इन्सुलेशन घासून गेलेलं, तांब्याच्या तारा वितळून पत्र्याला चिकटलेल्या. आजही तो म्हणतो की केबल लोकल होती. उत्तम केबलचंही इन्सुलेशन धारदार पत्र्यावर घासलं की जातंच. तेवढ्यासाठीच बॅटरीपासून वीतभराच्या आत फ्यूज हवा आणि केबल पत्र्यातून जाते तिथे ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारं रबरी कडं) हवा.

पैसे वाचवायला १६ चौरस मिमीची केबलही घेऊ नका. २०० अँपिअर ओढताना चार मीटरमध्ये पाऊण व्होल्टच्या वर तिथेच जातो आणि सेल्फ रडत फिरतो. ३५ मध्ये तोच ०.४ व्होल्ट. कट-ऑफ स्विच (अडचणीत बॅटरी तोडणारा) असा घ्या की बॅटरीबरोबर इंजिनही बंद पडेल. नुसती बॅटरी तोडली तर गाडी अल्टरनेटरवर (इंजिनावर फिरून वीज बनवणारा, बॅटरी चार्ज करणारा) चालूच राहू शकते.

कोणती घ्यावी म्हणाल तर कंपनीचं नाव सांगणार नाही. सेल्फला पुरेसा करंट देते का ते बघा आणि आधी आपल्या अल्टरनेटरचं व्होल्टेज मोजा. १४.६ च्या वर जात असेल तर लिथियमचा नाद सोडा.

अजून एक, हॅचबॅकची डिकी म्हणजे केबिनच. पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून तिथे सीलबंद एजीएमच (ॲसिड काचेच्या तंतूंच्या मॅटमध्ये शोषलेली लेड-ॲसिड बॅटरी), नाहीतर बाहेर नळी काढलेला बंद डबा. पुढच्या चाकांना ड्राइव्ह असेल तर नाकावरचं वजन कमी केल्यावर मातीत सुटताना चाकं जास्त फिरतील, तेही धरून चाला. लिथियम शून्याखाली चार्ज करायची नसते, पण नाशिकच्या थंडीत ती भीती नाही. खरी भीती बॉनेटखालच्या उष्णतेची, तेव्हा ती एक्झॉस्टपासून जमेल तितकी लांब बसवा.